चाकापुढचे दगड

आमच्या गाडीला मालक दोन होते आणि हँडब्रेक नव्हता. अगदी काटेकोर सांगायचं तर हँडब्रेक होता, त्याची दांडी होती, ती ओढली की करकर आवाजही यायचा. पण तार सैल झाली होती आणि उतारावर उभी केलेली गाडी तो धरून ठेवत नसे. तो दुरुस्त का झाला नाही, याचं उत्तर पहिल्याच वाक्यात आहे. गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि दोड्डप्पांची, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची, अशी सामाईक होती. दुधनीची अडत दोघं मिळून चालवत होते तेव्हा घेतलेली. पुढे अडत दोड्डप्पांकडे राहिली, अप्पा आम्हाला घेऊन सोलापुरात आले, शेताच्या आणि घराच्या वाटण्या झाल्या. गाडी मधोमध कापता येत नाही, म्हणून ठरलं की ती एक वर्ष सोलापुरात राहील आणि एक वर्ष दुधनीत. खंडेनवमीला तिची पूजा करायची आणि चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची. ज्याच्या वर्षात जे बिघडेल ते त्यानं नीट करायचं. हँडब्रेक कुणाच्या वर्षात बिघडला हे मात्र ठरत नव्हतं. अशा गोष्टी एका दिवसात बिघडत नाहीत.

आमचं घर पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या गल्लीत होतं. दोन्ही बाजूंना यंत्रमाग. पहाटे अव्वा, म्हणजे माझी आई, चूल पेटवायची त्याच्या आधीपासून खटक-खट, खटक-खट सुरू असायचं आणि आम्ही त्या आवाजात इतके मुरलो होतो की तो आम्हाला ऐकूच येत नसे. पाहुणे मोठ्यानं बोलायचे आणि आम्हाला वाटायचं, हे का ओरडतात. घरात जेवणखाण, रुसणं-समजावणं कानडीत चालायचं. हिशेब, शाळा आणि भांडण मराठीत. का ते मला सांगता येत नाही. अप्पा रागावले की आधी भाषा बदलायची, मग आवाज. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही हे आमचं रोजचं. सणाला होळगी, म्हणजे पुरणपोळी, आणि गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर. हुग्गी शिजताना खदखदते, तिचा एक थेंब हातावर उडाला तर फोड येतो. अव्वाच्या उजव्या मनगटावर तसे दोन डाग होते आणि ती ते बांगड्यांखाली झाकत नसे.

मला भाऊ नव्हता. अप्पांनी याबद्दल कधी काही म्हटलं नाही, गाडीचं काम निघालं की ते सरळ मला हाक मारायचे, "नंदा, पाना आण." मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि जॅक लावून चाक बदलणं हे काम मला भाकरी थापण्याच्या आधी नीट जमू लागलं होतं. अप्पांची पद्धत ठरलेली होती आणि तीत एक पायरी इकडची तिकडे झालेली त्यांना चालत नसे. आमच्या अंगणात शहाबादी फरशी होती. शहाबादी दिसते दगडासारखी, पण खालचा मुरूम बसला असेल तर ती पोकळीवर अधांतरी असते आणि जॅकखाली पापडासारखी मोडते. म्हणून ते आधी पान्याच्या टोकानं फरशी वाजवून बघायचे. बद्द वाजली की जागा बदलायची. मग जॅकखाली जाड फळी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून घ्यायचे, कारण गाडी उचलल्यावर पान्याला जोर लावला तर सगळी गाडीच हलते. जॅक लावायचा तो दाराखालच्या कडेला, चाकाजवळ जिथं पत्रा दुहेरी आणि जाड असतो तिथंच. तिथं ओळखायला दोन खाचा असतात. आणि जॅकचं लोखंड थेट पत्र्याला लावायचं नाही. त्यासाठी अप्पांनी मोडक्या मागाच्या लाकडाचा एक ठोकळा केला होता, मधोमध चर पाडलेला. पत्र्याची खाली आलेली धार त्या चरात बसायची, भार दोन्ही अंगांना जायचा आणि रंगाला ओरखडासुद्धा पडत नसे.

शिवाय दोन गोष्टी. एक, गाडी उचलली की स्टेपनी आडवी करून दाराच्या कडेखाली सरकवायची. हवा जाऊन बसलेलं चाक निघालं की स्टेपनी बाहेर आणि बसलेलं चाक तिच्या जागी आत. म्हणजे जॅक घसरलाच तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही. चाक हातानं आत सारायचं नाही, पायानं. दोन, पुढच्या चाकांपुढे दगड. आमच्या अंगणाला पाणी जावं म्हणून फाटकाकडे उतार दिला होता आणि गाडी तोंड फाटकाकडे करून उभी असायची. ती मागच्या चाकांवर ओढणारी, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांना जाणारी. मागचं एक चाक हवेत गेलं की गिअर टाकून ठेवलेला असला तरी उपयोग नसतो. उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि गाडी सरकू शकते. हँडब्रेकचं मी सांगितलंच. तेव्हा गाडी धरून ठेवायचे ते फक्त दोन दगड. काळे, कोनेदार, एका हातात न मावणारे. ते फाटकाजवळच्या बेलाखाली ठेवलेले असायचे आणि त्यांना कुणी हात लावत नसे.

आता जे सांगायचं त्याच्या आदल्या खंडेनवमीला गाडी दुधनीहून आमच्याकडे आली होती. डाव्या दाराखालचा पत्रा मधोमध आत चेपलेला होता. कुणीतरी खाचा सोडून भलतीकडे जॅक लावला होता. अप्पा वाकले, त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि अंगणात जमलेल्या चार पाहुण्यांसमोर मराठीत म्हणाले, "अण्णा, जॅक कुठं लावायचा ते गाडीवर दिलेलं असतं. वाचता नाही आलं तरी बघता येतं."

दोड्डप्पा हातात होळगीचं ताट घेऊन उभे होते. म्हणाले, "आमी अडतीवरची माणसं. आमाला खाचा कुटं दिसत्यात? तू बघ की बाबा, तुला लई दिसतं." ताट त्यांनी कट्ट्यावर ठेवलं आणि न जेवता गेले. त्यानंतर वर्षभर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. निरोप यायचे ते अव्वाला उद्देशून.

म्हणून त्या सकाळी गाडी धुताना उजवं मागचं चाक बसलेलं दिसलं तेव्हा अव्वाचा चेहरा उतरला. दोड्डप्पा सकाळच्या रेल्वेनं येणार होते. गाडी घेऊन दुपारीच परत जाणार होते. "गॅरेजवाल्याला बोलवा," ती म्हणाली.

"खंडेनवमीला कोण गॅरेजवाला येतो? हत्यारं पूजेला लावून बसलेत सगळे."

"मग जपून करा. ह्या बाजूचा पत्रा जर चेपला ना, तर भाऊजी एक शब्द बोलणार नाहीत. गाडी विकून टाक म्हणतील. आणि गाडी गेली की वर्षातनं एकदा येतात तेही येणार नाहीत. बघा."

"मी कधी पत्रा चेपलाय?"

"तुम्ही पत्रा नाही चेपत. तुम्ही माणूस चेपता," अव्वा म्हणाली आणि हुग्गी ढवळायला आत गेली.

अप्पांनी फरशी नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजवली. मी दगड आणून दोन्ही पुढच्या चाकांपुढे घट्ट बसवले. त्यांनी येऊन दोन्ही पायानं दाबून पाहिले. नट ढिले केले, फळी टाकली, ठोकळा बसवला, वाकून चरात धार बसल्याची खात्री केली. मग जॅकची दांडी फिरवत गाडी हळूहळू उचलली. गल्ली शांत होती. वर्षातून या एका दिवशी माग बंद असतात. विणकर ते धुऊन-पुसून हार घालून त्यांची पूजा करतात. आम्हाला त्या शांततेची सवय नव्हती. जॅकच्या आट्यांची कुरकुर, शेजारच्या घरातलं भांडं, माझा स्वतःचा श्वास, सगळं मोठं वाटत होतं.

मी स्टेपनी आडवी करून पायानं आत सारली. अप्पांनी बसलेलं चाक काढून माझ्याकडे दिलं, स्टेपनी बाहेर ओढली आणि उभी केली. आता मी बसलेलं चाक आत ढकलायचं, मग त्यांनी स्टेपनी चढवायची. एवढ्यात फाटकाची कडी वाजली.

दोड्डप्पा. पांढरं धोतर, कोसा फेटा, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात पिशवी. ते फाटकात उभे राहिले. अप्पा गाडीच्या मागच्या बाजूला उकिडवे बसलेले. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही नजर माझ्याकडे वळवली.

"नंदा, जा," अप्पा हळूच म्हणाले. "आधी पाया पड. सणाचा दिवस आहे."

"चाक आत..."

"मी बघतो. जा. त्यांना उभं ठेवू नकोस."

मी चाक भिंतीला टेकवलं आणि गेले. दोड्डप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "पास झालीस का?" मी हो म्हटलं. "पाय धुवायला पाणी आण. आन् तुज्या अव्वाला म्हनावं, पूजेला उशीर नगं. दुपारीच निगायचं हाय." हे सगळं ते मला सांगत होते, पण आवाज गाडीमागं पोचेल इतका होता.

मी आत गेले. तांब्या भरला. अव्वाला निरोप सांगितला. ती म्हणाली, पूजेचं ताट कट्ट्यावर काढून ठेवलंय, लिंबंही आहेत. मी बाहेर आले, आणि कट्ट्यावरच्या ताटात लिंबं नव्हती.

ती पुढच्या चाकांपुढे होती. उजव्या चाकापुढे एक, डाव्यापुढे एक, हळद-कुंकू लावलेली, चाकाला अगदी टेकवून. दगड तिथं नव्हते. दगड बेलाखाली होते, नेहमीच्या जागी, नीट ठेवलेले. सणाच्या दिवशी गाडीच्या तोंडाशी धोंडा नको, हे दोड्डप्पांच्या मनात आलं असणार. आमच्याकडे चाकाखाली लिंबू ठेवून पूजा होते, आणि मग गाडी त्यावरून पुढे नेतात. दगड कशाला ठेवलेत ते विचारायला हवं होतं, पण विचारायचं तर बोलावं लागलं असतं.

माझ्या हातात भरलेला तांब्या. अप्पा मागे स्टेपनी दोन्ही हातांनी खालून धरून बोल्टांवर चढवत होते. भिंतीला टेकवलेलं चाक तसंच भिंतीला टेकलेलं होतं. ओरडावं तर ते दचकणार, दचकले तर हात हलणार. मला वाटतं मी एक पाऊल टाकलं. तेवढ्यात स्टेपनी बोल्टांवर बसवताना अप्पांनी तिला दणका दिला आणि मी तो आवाज ऐकला. फच्च. ओला, बारीक आवाज. लिंबू फुटल्याचा. माग चालू असते तर तो कुणालाच ऐकू आला नसता.

अप्पांनी ऐकला. त्या आवाजाचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता: गाडी पुढे निघाली. ते जागच्या जागी थिजले. गाडी अंगठाभर पुढे आली होती आणि जॅक तिरका झाला होता. फार नाही. पण जॅक उभा असतो तोवर जॅक असतो. तिरका झाला की तो नुसता लोखंडाचा तुकडा. चाकावर अजून एकही नट नव्हता आणि अप्पांची बोटं चाकाच्या आणि मागच्या ब्रेकच्या ड्रमच्या मधे होती.

त्यांनी हाक मारली ती मला नाही. "अण्णा," ते म्हणाले, अगदी सावकाश, आणि कानडीत, "गाडी हिडी." गाडी धर.

दोड्डप्पांनी काय, कशाला, विचारलं नाही. पिशवी पडली. ते वळले आणि बॉनेटला दोन्ही हात आणि खांदा लावून, पाय फरशीत रोवून उभे राहिले. "हिडदीनी," ते म्हणाले. धरलीय.

"सोडू नकोस."

"सोडत न्हाय. तू हात काड."

"हात काढला तर चाक पडेल. चाक पडलं तर धक्का बसेल. नंदा, ते चाक आण. खाली सार. पायानं."

मी तांब्या कुठं ठेवला ते मला आठवत नाही. नंतर तो तुळशीजवळ आडवा सापडला. चाक लवंडून दाराच्या कडेपाशी आणलं, फरशीवर बसले, हात मागे टेकले आणि टाचांनी ढकलू लागले. अर्धं गेलं आणि जॅकखालच्या फळीला अडकलं. गाडी आता इतकी खाली आली होती की पूर्ण आत जायला जागाही राहिली नव्हती. मला समोर अप्पांचा गाल दिसत होता. घामाचा एक थेंब कानाजवळून खाली आला आणि त्यांनी तो पुसला नाही. पुढून दोड्डप्पांच्या श्वासाचा आवाज येत होता, फुटलेल्या भात्यासारखा. त्यांना दम्याचा त्रास होता.

"अव्वा," मी म्हटलं. ओरडले नाही. तरी ती आली, हाताला पुरण, आणि दारातच थांबून तिनं एकदा सगळीकडे पाहिलं. लिंबं पाहिली, बेलाखालचे दगड पाहिले. ती धावली नाही. चालत गेली, पहिला दगड पोटाशी धरून आणला आणि डाव्या चाकापुढे सारून टाचेनं ठोकला. मग दुसरा. दोड्डप्पा तिच्या डोक्यावरून वाकून उभे होते. थोरल्या दिरासमोर तिचा पदर कधी डोक्यावरून ढळला नव्हता, तो तेव्हा खांद्यावर होता आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"बसले," ती म्हणाली. "आता काढा हात."

अप्पांनी एक बोट काढलं, मग दुसरं, मग दोन्ही हात एकदम अंगाशी ओढले, आणि ते मागे सरले. चाक सुटून फरशीवर पडलं. जॅक कचकन आडवा झाला. गाडी खाली बसली, पण फरशीपर्यंत नाही. मी अर्धं सारलेल्या चाकावर ती टेकली आणि एकदा डुलून थांबली.

शेजारच्या घरात कुणीतरी मागापुढे नारळ फोडला.

अप्पांनी दोन्ही हात पुढे धरून बोटं उघडझाप करून बघितली. सगळी हलत होती. मग ते गुडघ्यावर बसून वाकले आणि दाराखालच्या कडेवरून बोट फिरवलं, अगदी गेल्या वर्षी फिरवलं होतं तसं. जॅकचं डोकं घसरताना ठोकळ्यातून सुटून पत्र्याला लागलं होतं. बोटभर लांबीचा चेप. रंग उडून आतला करडा थर दिसत होता.

दोड्डप्पा पुढून आले. फेटा एका बाजूला कलंडलेला, तळवे बॉनेटच्या धुळीनं काळे. त्यांनीही वाकून पाहिलं. म्हणाले, "धोंडे म्या काडले."

मी अप्पांकडे पाहिलं. अव्वानं माझ्याकडे पाहिलं. गेल्या वर्षीचं वाक्य अप्पांना फिरवून वापरायचं असतं तर त्याला हीच जागा होती. ते मराठीत बोलतील की कानडीत, एवढंच मी ऐकायला थांबले होते.

"हँडब्रेक नीट असता तर काढले तरी चाललं असतं," अप्पा कानडीत म्हणाले. "तो मी करून घ्यायला पाहिजे होता."

"तो माज्या वर्षापासनंच ढिला हाय," दोड्डप्पा म्हणाले. "तुला सांगितलं न्हवतं." मग त्यांनी गाडीला वळसा घातला, डाव्या बाजूचा जुना चेप वाकून पाहिला, परत आले. "एक तिकडं, एक हिकडं. तो माजा, ह्यो तुजा. वाटनी बराबर झाली की."

"कशी बरोबर?" अप्पा म्हणाले. "दगड तू काढलेस. हाही तुझाच."

क्षणभर मला वाटलं, गेलं सगळं. पण दोड्डप्पांना हसू फुटलं, हसताना दम लागला, आणि ते कट्ट्यावर बसून खोकत खोकत हसू लागले. "बघितलंस का ग," ते अव्वाला म्हणाले, "बोटं तुटता तुटता वाचली, तरी हिशेब सोडंना." अव्वानं पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली. तिच्या पाठीवरून मला कळलं की ती रडत होती.

नंतर दोघांनी मिळून चाक चढवलं. यावेळी जॅक दोड्डप्पांनी फिरवला आणि खाचा कुठं असतात ते अप्पांनी त्यांना दाखवलं. अंगणात पाहुणे नव्हते आणि आवाजही वेगळा होता. पूजा उशिरा झाली. जेवताना दोड्डप्पांनी होळगी दुसऱ्यांदा मागून घेतली. दुपारी निघायचं होतं ते ऊन कलल्यावर निघाले.

मी पुढे हिशेब तपासणीच्या कामात आयुष्य काढलं. दोन बाजू जुळल्या नाहीत तर मला झोप लागत नाही. त्या दिवसाचा ताळेबंद मात्र मी कधी मांडत नाही, कारण अप्पांचं म्हणणं खरं होतं: दोन्ही चेप दोड्डप्पांचेच होते. ते दोन्ही चेप शेवटपर्यंत तसेच राहिले. गाडी अदलाबदल होत राहिली, मग चालेनाशी झाली, मग विकली. हँडब्रेक मात्र त्याच आठवड्यात दोघांनी मिळून नीट करून घेतला होता.

आता मी जुळे सोलापूर या नव्या वस्तीत राहते. इमारतीखाली पार्किंग आहे, फरशी सपाट सिमेंटची आहे, माझ्या गाडीचा हँडब्रेक घट्ट आहे आणि चाक बसलं की मुलगा फोन करून माणूस बोलावतो. तरी माझ्या जागेच्या कोपऱ्यात एक काळा कोनेदार दगड असतो. वॉचमननं तो दोनदा बाहेर टाकला, दोनदा मी परत आणला. दुसरा दगड दुधनीला, दोड्डप्पांच्या मुलाकडे, सिद्धूकडे आहे. पूर्व भागातलं घर विकलं तेव्हा त्यानं दुसरं काही मागितलं नाही.

खंडेनवमीला सिद्धू त्याच्या गाडीतून येतो. सीटखालून दगड काढतो, मी माझा आणते. दोन्हींना हळद-कुंकू लावून आम्ही आधी ते माझ्या गाडीच्या चाकांपुढे ठेवतो, मग त्याच्या, आणि लिंबं त्यांच्या शेजारी. पूजा होईपर्यंत कुणी दगड काढत नाही. माझ्या सुनेनं पहिल्या वर्षी विचारलं होतं, एवढ्या लांबून दगड कशाला आणायचा, इथं कुठंही मिळेल की. सिद्धू म्हणाला, "एकानं भागत न्हाय, सूनबाई. चाकं दोन असत्यात."